गाडी किती उंच करायची?

टायरच्या दुकानात आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो. शेतकरी असो, डॉक्टर असो, नाहीतर लोखंडाच्या कारखान्याचा मालक असो, नवा कोरा टायर भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला की त्याचा पाय उठतोच. लाथ मारून नेमकं काय कळतं, हे मला इतक्या वर्षांत एकानेही सांगितलेलं नाही. कधीकधी मीही मारतो. बरं वाटतं.

माझी सुरुवात शहागडला झाली. हायवेच्या कडेला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, ट्रकचे पंक्चर काढायचो. ट्रकवाल्याला चाक कसं दिसतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. माल पोचला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे जालन्यात आलो, हमीदभाईंसोबत स्वतःचं दुकान टाकलं. भागीदारी तोंडी होती, आजही तोंडीच आहे. जालना हे लोखंडाचं आणि बियाण्याचं गाव. पैसा आला तशा मोठ्या गाड्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग एक नवीन गिऱ्हाईक आलं. गाडी शोरूममधून काढून थेट आमच्याकडे आणायची आणि खाली उतरायच्या आधीच म्हणायचं, "काका, चाकं मोठी करायचीत."

बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं. मोठं म्हणजे मोठं, त्यात काय? पण मोठ्या चाकाचे दोन अर्थ होतात. मडगार्डच्या आत जागा ठरलेली असते. त्या जागेत मधली डिस्क, म्हणजे ते चकचकीत अलॉय, मोठी बसवली की तिच्याभोवतीचं रबर तेवढं बारीक होतं. गाडी दिसते झकास, पण खड्डा आला की तो थेट लोखंडाला आणि तुमच्या कंबरेला लागतो. दुसरा प्रकार उलटा. डिस्क लहान घ्यायची आणि रबराची भिंत जाड, उंच ठेवायची. ते चाक तेवढं देखणं दिसत नाही, पण चिखलात, दगडात काम तेच करतं. त्यातही डिस्क वाटेल तेवढी लहान करता येत नाही, कारण तिच्या पोटात ब्रेक असतात. वाटेल तेवढा टायर मोठाही करता येत नाही, कारण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो आत घासतो. शिवाय चाक मोठं झालं की ते एका फेरीत जास्त अंतर जातं, म्हणजे काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जोरात पळत असते. हे सगळं मी समजावून सांगायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेवटी भिंतीवरच्या सगळ्यांत मोठ्या अलॉयकडे बोट दाखवायचं.

एक तरुण ठेकेदार होता. त्याने अशीच पातळ रबराची टोलेजंग चाकं बसवून घेतली आणि आठवड्याच्या आत राजूरच्या रस्त्यावरून परत आला, तो क्रेनला लटकून. पुढच्या रिमला पोचा, टायर बाजूने फाटलेला. मला वाटलं, आता भांडणार. तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "काका, उद्या साखरपुडा आहे. जुनी चाकं ठिवलीत ना तुम्ही?" ठेवली होती. हमीदभाईंनी हातातलं जेवण बाजूला सारून ती चढवून दिली. लग्नाची पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता. लोकांना वाटतं अशी माणसं नुसती दिखाऊ असतात. मला तसं कधी वाटलं नाही. ज्याचा बाप बैलगाडीत बसला, त्याला आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी वाटली तर त्यात काय वाईट? फक्त रस्ते आमचे तसे नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते प्रज्ञाताईंबद्दल.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. एक मोठी, काळी, परदेशी बनावटीची गाडी दुकानासमोर थांबली. डोंगर चढायला आणि नदी ओलांडायला बनवलेल्या आणि पुढे श्रीमंतांच्या बंगल्यासमोर उभ्या राहायला लागलेल्या ज्या गाड्या असतात, त्यांतली. हॉर्न वाजला. कोणी उतरलं नाही. परत हॉर्न. मी मनात म्हटलं, आली कोणीतरी राणीसरकार. तरी उठून गेलो. काच खाली झाली. आत एकट्याच एक बाई होत्या, पस्तिशी ओलांडलेल्या, कॉटनची साधी कुर्ती, केस मागे घट्ट बांधलेले.

"काका, रागावू नका," त्या म्हणाल्या. "मला उतरायला टाइम लागतो. आधी सांगा, काम होण्यासारखं आहे का. असलं तर उतरते."

तेव्हा माझं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. त्याच्या बाजूला एक दांडा बसवलेला होता. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की गाडी पळते. शेजारच्या सीटवर दोन कुबड्या होत्या.

काम काय ते त्यांनी सांगितलं. गाडी पाच-सहा वर्षं वापरलेली, संभाजीनगरच्या एका बिल्डरकडून घेतलेली. त्याने तिला ते मोठे चकचकीत अलॉय आणि पातळ टायर लावलेले. प्रज्ञाताईंना चिखलात चालणारे मोठे टायर पाहिजे होते. मोबाइलवर फोटोही काढून ठेवला होता. मोठमोठ्या रबरी गुटक्यांचा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा भाऊ शोभेल असा.

"होतं का?"

"बघावं लागंल, ताई. उतरा."

मग मी ते पाहिलं, ज्यासाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. त्यांनी एक बटण दाबलं आणि सुस्कारा टाकावा तसा आवाज करत गाडी खाली बसली. उंट बसतो तशी, हळूहळू, चारी बाजूंनी. या जातीच्या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे त्या उंच-बुटक्या होतात. गाडी बसल्यावर ताईंनी दार उघडलं, हातांनी एकेक पाय उचलून बाहेर सोडला, गुडघ्याजवळची आधाराची लोखंडी पट्टी खट्‌कन सरळ केली, आणि दाराच्या वरच्या दांडीला धरून नुसत्या हातांच्या जोरावर स्वतःला खाली उतरवलं. मी नकळत पुढे झालो होतो. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जागेवर थांबलो.

लहानपणी पोलिओ झाला होता. गाव भोकरदन तालुक्यात. वडील शिक्षक होते, ते गेले. ताईंनी शेतीची पदवी घेतली, काही वर्षं एका बियाण्याच्या कंपनीत टेबलावर बसून काढली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. कापसाच्या, मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट त्या शेतकऱ्यांकडून लावून घेत. बियाण्याच्या कापसात फुलाफुलाला हाताने पराग लावावा लागतो. भर पावसाळ्यात बायकांच्या टोळ्या सकाळपासून तेच करत असतात. त्यात एक चूक झाली की अख्खा प्लॉट नापास. म्हणून त्या दिवसांत ताईंना बांधावर जावंच लागे. आधी तीन चाकांची स्कूटर, मग छोटी कार, आणि आता ही.

"पण हिच्यासारखी गाडी चिखलात जातेच की," मी म्हणालो.

"गाडी जाती. टायर जात न्हाईत." त्या आमच्याकडच्या बाकड्यावर बसल्या. "गेल्या भादव्यात एका पाणंदीत फसले. काळी माती, तुम्हाला सांगायला नको. चाकं गुळगुळीत झाली, जागच्या जागी फिरायला लागली. दुसऱ्या कोणाची गाडी फसली तर तो काय करतो, काका? चपला हातात घेतो आणि चालायला लागतो. मी काय करू?"

मी दुसरं बाकडं ओढून समोर बसलो.

"दुपार गेली. ट्रॅक्टर आला तर गाडी हलंना. मंग चार माणसांनी मला उचललं आणि ट्रॉलीत ठिवलं. माणसं चांगली होती. जपून उचललं. पण मी अशी आडवी, आणि सगळ्या प्लॉटवरच्या बाया बघून राह्यल्या. ज्यांना सकाळी मी काम शिकवत होते त्या." त्यांनी कुबड्या नीट जुळवून भिंतीला टेकवल्या. "मला ते परत नको."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. जसं एखादा ट्रकवाला सांगतो की मागच्या वेळी घाटात ब्रेक तापले होते, तसं सांगितलं.

मी म्हटलं, दोन दिवस द्या. मापं काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. शर्ट इन केलेला, खिशाला पेन. ताईंचे मोठे भाऊ, मिलिंद सर, जालन्यातच शाळेवर होते. टायरला लाथही मारली नाही. हमीदभाई आत गेल्यावर खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "काका, एक काम करा. बसत न्हाई म्हणून सांगा."

"काय बसत न्हाई?"

"मोठा टायर. तिला सांगा, या गाडीला बसतच न्हाई. माझं ऐकत न्हाई ती. तुमचं ऐकंल, तुम्ही त्यातले माणूस आहात."

मला आधी राग आला. पण माणसाचा चेहरा रागावण्यासारखा नव्हता. रात्रभर जागल्यासारखा होता.

"सर, कशाला अडवता?"

"आता जिथपर्यंत डांबर हाय, खडी हाय, तिथपर्यंतच ती जाती. फसली तरी माणसाच्या हाकेवर असती. हे टायर लावले तर थांबणार हाय का ती? अजून आत जाईल. फोनला रेंज न्हाई, चिटपाखरू न्हाई, आणि वरून पाऊस." त्यांनी खिशातलं पेन काढून परत लावलं. "काका, मी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेलंय. पहिलीपासून. मधी ओढा लागायचा. ती माझ्या कानात बोलायची, दादा, डावीकडून चल, तिकडं दगड हाय. तिला वरून दिसायचा. मला पाण्यात काही दिसत नसायचं. पडलो न्हाई कधी. पण भीती गेली न्हाई माझी अजून."

चहा आला. दोघांनी घेतला. खरं सांगायचं तर 'बसत नाही' म्हणणं माझ्यासाठी अगदी सोपं होतं. आमच्या धंद्यात रोज कोणाला तरी आपण ते म्हणतोच. आणि एका अर्थी ते खोटंही ठरलं नसतं, कारण ताईंनी फोटोत दाखवलेला टायर खरंच अडचणीचा होता. रात्री मापं काढताना माझ्या ते ध्यानात आलं होतं. गाडी उभी असताना तो बसला असता. पण गाडी खाली बसली की मडगार्डच्या आत घासला असता. म्हणजे चिखलातून बाहेर काढणारा टायर लावला तर गाडी पुरती खाली बसणार नाही, आणि ती खाली बसली नाही तर ताई आत चढणार कशा?

हे मी सरांना सांगितलं नाही. म्हणालो, "उद्या दोघं या. जे हाय ते दोघांसमोर सांगतो. कमी न्हाई, जास्त न्हाई."

ते आले. मी सगळं समजावलं. टायर किती उंच होईल, त्याच्या निम्म्याने गाडी उंच होईल, आणि ती खाली बसल्यावरही तेवढी उंची राहीलच. फोटोतला टायर घेतला तर वर घासणंही आलं. सरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. ताई शांतपणे ऐकत होत्या.

"किती उंच?"

"दोन बोटं. दीड इंच धरा."

"म्हणजे मला चढता येईल का न्हाई?"

"ते मी कसं सांगू, ताई?"

"मलाबी सांगता येत न्हाई. टायर घेतल्यावर कळून काय उपयोग?" त्या जरा विचारात पडल्या. "टायर न लावता तेवढी उंच करता येईल का गाडी?"

हमीदभाई मागे चाकाची हवा तपासत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "फळ्या लावू ना. बिलकुल आसान."

शेजारी फर्निचरवाला होता. त्याच्याकडून प्लायवूडचे तुकडे आणले, अर्ध्या इंचाचे. गाडी हळूच पुढे घेऊन चारी चाकांखाली एकेक फळी सारली, आणि गाडी खाली बसवली. अर्धा इंच म्हणजे तुम्हाआम्हाला काहीच नाही. उंबरठ्यावर साचलेली धूळ. पण जो माणूस पायांनी नाही, हातांनी चढतो, त्याला तो अर्धा इंच खांद्यात मोजावा लागतो.

ताईंनी एक कुबडी गाडीत टाकली, दुसरी दाराला अडकवली, वरची दांडी धरली आणि वर गेल्या. सहज. परत उतरल्या.

"दुसरी लावा."

दुसऱ्या फळीला त्यांनी दांडी धरून एक दम घेतला. मग सीटच्या कडेला कंबर टेकली, जरा घसरली, परत टेकली. वर गेल्या. कपाळावर घाम होता. म्हणाल्या, "हे होतंय. रोज केलं तर सोपं होईल." आणि उतरून, "तिसरी."

सर इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, "बस झालं, प्रज्ञा."

"दादा, मला कळू दे."

तिसरी फळी म्हणजे फोटोतला टायर. आमच्या दुकानाचं काम थांबलं होतं. पंक्चर काढायला आलेले दोघेजण मोटारसायकल सोडून बघत होते, त्यांना हमीदभाईंनी डोळ्यांनीच बाहेर घालवलं. ताईंनी दांडी धरली. शरीर उचललं गेलं. कंबर सीटच्या कडेपर्यंत पोचली, पण वर गेली नाही. डावा हात निसटला, आणि त्या एका हातावर लटकल्या. सर धावले.

"हात लावू नको!"

असा आवाज मी दुकानात कधी ऐकला नव्हता. सर जागच्या जागी थांबले. हात पुढे केलेले तसेच राहिले. ताई त्या एका हातावर हळूहळू खाली आल्या, पायाची पट्टी फरशीला लागली, कुबडी सापडली, काखेत गेली. मग त्या गाडीला टेकून कितीतरी वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. आम्हीही.

मग त्या म्हणाल्या, "तिसरी न्हाई होत." भावाकडे बघून म्हणाल्या. तक्रार नाही, हार नाही. एक माप कळलं होतं.

पुढे जे झालं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मिलिंद सर खाली बसले. शर्ट इन केलेला, पँटला इस्त्री. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी वर घेऊ का?" ताईंनी दारातून हात घालून बटण दाबलं, गाडी उठली, हमीदभाईंनी ती जरा मागे घेतली, आणि सरांनी स्वतःच्या हातांनी चारी चाकांपुढची वरची एकेक फळी काढून बाजूला ठेवली. हात काळे झाले.

"आता बघ," ते म्हणाले. "दोनवर परत एकदा चढून दाखव. दम लागल्यावरबी जमतंय का, ते बघू. पावसात तू दमलेलीच असशील."

ताई हसल्या. त्या दिवशीचं पहिलं हसू. दमल्या होत्या तरी चढल्या.

मग दोन फळ्यांच्या उंचीत बसणारा टायर शोधायचं काम माझ्याकडे आलं. याच गाडीचा एक रांगडा प्रकार कंपनी काढते, त्याला लहान डिस्क आणि उंच टायर येतो. तेच माप आम्ही धरलं, म्हणजे विम्याचीही कटकट नाही. ब्रेक आत मावतील अशा लहान डिस्क पुण्याहून वापरलेल्या मिळवल्या. टायर अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे, असे घेतले. नुसते चिखलाचे टायर डांबरावर घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात, आणि ताईंना भोकरदनपर्यंत डांबरावरूनच जायचं होतं. एक चाक आधी चढवून बघितलं. गाडी बसवली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट घालून पाहिलं. बोट गेलं. मी सरांनाही घालायला लावलं. त्यांचंही गेलं. मग बाकीची तीन.

बिल्डरचे ते चकचकीत अलॉय आम्ही काढून ठेवले, तेव्हा ताई म्हणाल्या, "गाडी आता जरा गावठी दिसती, न्हाई का?"

हमीदभाई म्हणाले, "ताई, अब ये गाडी काम की दिखती है."

एक गोष्ट शिकवायची राहिली होती. रबराची भिंत जाड असली की चिखलात हवा कमी करता येते. हवा कमी केली की टायर पसरतो, मातीवर लांब टेकतो, रुतत नाही. बाहेर निघाल्यावर परत भरायची. पातळ टायरमध्ये हे करायला गेलं तर डिस्कच जमिनीला लागते. पण त्यासाठी चारी चाकांपाशी खाली वाकावं लागतं. ताई वाकू शकत नव्हत्या, बसू शकत होत्या. त्यांनी घरून एक बुटकं स्टूल आणलं आणि आमच्या दुकानात बसून सराव केला. आधी कुबड्या चाकाला टेकवायच्या, मग गाडीला धरून खाली बसायचं, हवा सोडायची, मोजायची, उठायचं, पुढच्या चाकाकडे जायचं. पहिल्या दिवशी दुसऱ्या चाकापाशी त्यांनी काम सोडलं. म्हणाल्या, आज हात गेले. परत आल्या. असं तीन-चार वेळा आल्या. सर कधी सोबत असत, तेव्हा ते दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहत. आत राहिलो तर हात पुढे जातो, असं मला म्हणाले.

पावसाळा आला तशी मला काळजी लागली. टायर विकल्यावर अशी काळजी मी कधी केली नव्हती. ट्रकवाला गेला की गेला. पण आभाळ भरून आलं की मनात यायचं, आज प्रज्ञाताई कुठे असतील.

श्रावणात एकदा सरांचा फोन आला. ताई एका प्लॉटवर रुतल्या होत्या आणि हवा सोडून, गाडी मागेपुढे झुलवून बाहेर आल्या होत्या. टोळीतल्या बायकांनी मागून जोर लावला होता. "गाडीला लावला," सर दोनदा म्हणाले. "तिला न्हाई, गाडीला." मला आनंद झाला, पण त्यांच्या आवाजात आनंदाइतकीच धास्तीही होती. ते म्हणाले, "आता ती कुठंबी जाईल, काका." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं ऐकायला हवं होतं का? जालन्यात खुर्चीत बसून मी एका बाईला ओढ्यानाल्यांच्या पलीकडे पाठवून दिलं होतं. चिखलातून टायर काढतो. पाण्यातून कोणता टायर काढतो? चाकाच्या वर पाणी गेलं की कितीही मोठी गाडी असो, ती तरंगायला लागते आणि पाणी नेईल तिकडे जाते. हे मी ताईंना सांगितलं होतं. पण सांगितलेलं माणूस ऐकतंच असं नाही. हाताशी ताकद आली की तर नाहीच.

भादव्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला. भोकरदनकडचे ओढे चढल्याचं पेट्रोल पंपावरची माणसं सांगत होती. ताईंचा परागाचा हंगाम ऐन भरात होता. दुपारी मी सरांना फोन लावला, ते वर्गात असावेत, उचलला नाही. ताईंना लावला, लागत नव्हता. मी परत लावला. परत. हमीदभाई म्हणाले, "विष्णू, बैठ जा." मी बसलो आणि परत उठलो.

चार वाजून गेल्यावर फोन वाजला. ताईंचा.

"काका, किती फोन केले तुम्ही? आत्ता रेंजमध्ये आले."

"कुठं हायेत?"

"भोकरदनला. डांबरावर." मागून गाड्यांचे आवाज येत होते. "प्लॉटवर निघाल्ते. दोन दिवस झाले कोणी गेलेलं न्हाई तिकडं. वाटेत ओढा चढल्ता. गढूळ पाणी, खालचा दगड दिसंना. कंपनीची एक गाडी आधीच थांबली होती, तो ड्रायव्हर म्हणे, तुमची उंच हाय, तुम्ही जाताल."

"मंग?"

"मंग काय. गाडी बंद केली, भाकरी खाल्ली, पाण्याकडं बघत बसले बराच वेळ. तिकडून एक बाई हात करून राह्यली होती, मीबी हात केला. मंग गाडी फिरवली. चिखल लई होता, पण टायरनी बराबर धरलं. आले परत."

मी सुटकेचा श्वास सोडला तो त्यांना ऐकू गेला असावा, कारण त्या हसल्या. मी म्हणालो, "बरं केलं, ताई. एक प्लॉट गेला तर गेला. काही हरकत न्हाई."

"प्लॉटचं वाईट वाटतंयच की. न्हाई कसं?" मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. "पण काका, म्हणलं तुम्हाला सांगावं. इतक्या वर्षांत मी कुठूनच कधी परत फिरले नव्हते. दर वेळी मला परत आणलेलं होतं."